मनगटावरची सैल गाठ

बेदाण्याच्या शेडला वास कसला येतो, असं शहरातल्या कुणी विचारलं की मला नीट सांगता येत नाही. गोड म्हणावं तर तो गोड नाही. द्राक्षं बुडवायच्या तेलाचा थोडा, गंधकाच्या धुरीचा बराच, आणि त्याच्या तळाशी वाऱ्यावर आकसत चाललेल्या फळाचा एक जड, झोपाळू वास. मार्चमध्ये सांगलीहून तासगावकडे एस.टी. निघाली की गाव यायच्या आधीच तो खिडकीतून आत शिरतो, आणि माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप जुळतात. नाडी बघायला जुळवावीत तशी. शेजारी बसलेल्या बाईला वाटत असेल, ही जप करतेय.

यंदाही तसंच झालं. ड्यूटी संपवून निघाले होते. पाठ भरून आली होती. क्ष-किरणांपासून बचाव म्हणून आम्ही जो शिशाचा ॲप्रन घालतो, तो इतकी वर्षं खांद्यावर वागवलाय की आता अंगावर नसला तरी असल्यासारखा वाटतो. या थकव्याशी माझं भांडण नाही, तो घरचाच झालाय. पण बेदाण्याचा वास आला की बाकी सगळ्या थकव्यांच्या खालून एका हंगामाचा थकवा वर येतो. तो अजून उतरलेला नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी. होऊन सांगलीतल्या एका हॉस्पिटलात कॅथ लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले होते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत बारीक नळी सरकवून, अडथळा कुठं आहे ते पडद्यावर बघायचं, ती ही खोली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगितलं की काहींना वाटतं, मिरवतेय. मिरवतेच. माणच्या कोरड्या रानातून माझे वडील, आप्पा, द्राक्षबागेत मजूर म्हणून तासगावला आले, पुढं एका शेडची सगळी जबाबदारी त्यांच्याकडं आली, आणि त्यांनी मुलीला रसायनशास्त्र शिकवलं. यात मिरवण्यासारखं नाही तर कशात आहे?

पण शिकल्याचा एक भारही असतो, तो आधी कुणी सांगत नाही. स्टँडवर उतरले की कुणीतरी पिशवीतून रिपोर्ट काढणारच. "शालन, ह्ये बघ गं काय लिवलंय." मला कळायचं तेवढं सांगायचं. बाकीचं डॉक्टरांना विचारा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मग कालिज कशापायी केलंस?" गावातलं प्रत्येक दुखणं आधी माझ्या दाराशी यायचं आणि मग दवाखान्यात जायचं. माया होती ती, नाही म्हणत नाही. पण अशी आवळून धरणारी, की घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी चार घरी जाऊन यावं लागे.

आणि त्या मार्चमध्ये दुखणं आमच्याच घरात आलं.

द्राक्षाचे क्रेट शेडवर चढवताना आप्पा मध्येच थांबायचे आणि मुठीनं छातीचा मधला भाग चोळायचे. आईला सांगायचे, पित्त झालंय. ती लिंबू-सोडा द्यायची. मी रविवारी गेले आणि लांबूनच ती मूठ बघितली. रोज तीच मूठ बघत होते की मी, दुसऱ्यांच्या छातीवर.

"आप्पा, उद्या सांगलीला चला."

"येडी का काय? माल जाळीवर हाय."

"माल वाळतोय. त्यो काय पळून जातोय?"

"ढग आलं तर?"

"ढगाला तुमी काय करणार हाय, आप्पा?"

"पडदं सोडणार," ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. बेदाणा वाळत असताना अवकाळीचा शिंतोडा जरी पडला तरी मण्याला काळा डाग पडतो. वर्षाची मेहनत त्या जाळ्यांवर उघडी पडलेली असते. अशा वेळी शेडवरचा माणूस शेड सोडत नाही.

शेवटी ते आले ते एका अटीवर. पायाला हात लावायचा नाही. त्या काळी नळी जांघेतून घालत आणि मग मांडीवर वाळूची पिशवी ठेवून माणसाला उताणं झोपवून ठेवत. बागेत राबणारी धट्टीकट्टी माणसं लघवीलाही उठता येईना की रडकुंडीला यायची. आमचे डॉक्टर मात्र नुकतेच मनगटातून नळी घालायचं शिकून आले होते. आमच्या भागात ते नवंच होतं. माणूस नंतर उठून बसतो, चहा पितो, आपल्या पायानं संडासला जातो. आप्पांना मी हे सांगून बसले होते. "हातातनं करत्यात म्हण. मग सांजच्याला शेडवर," ते म्हणाले.

"सांजच्याला न्हाई. उद्या."

मनगटातली ती धमनी मोठी मानी असते. आगपेटीतल्या काडीएवढी जाड. गार लागलं की आखडते, माणूस घाबरला की आखडते, आत गेलेली नळी गच्च धरून ठेवते. आणि काम झाल्यावर रक्त थांबवायला म्हणून कुणी फार जोरात, फार वेळ दाबली, तर आतल्या आत गोठून कायमची बंद होते. डॉक्टर आम्हाला म्हणायचे, "रस्ता वापरा, पण जाताना बुजवून जाऊ नका. या माणसाला परत कधी लागला तर?"

म्हणून आधी हाताची परीक्षा असायची. हाताला रक्त नेणाऱ्या वाटा दोन, एक अंगठ्याकडून, एक करंगळीकडून. मूठ वळायला सांगायची, दोन्ही वाटा दाबायच्या, मूठ उघडली की तळवा पांढरा पडलेला दिसतो. मग करंगळीकडची सोडायची. तळवा भरभर लाल झाला तर समजायचं की अंगठ्याकडच्या वाटेला काही झालं तरी हात जगेल. नाही झाला, तर त्या हाताला सुई लावायची नाही.

आप्पांना हे समजावायला मी पाटाचं उदाहरण दिलं. "मोठा पाट फुटला तर धाकट्या पाटावर रान भिजंल का, ते बघत्यात." त्यांना पटकन कळलं. कळलं म्हणूनच ते आपल्या हाताकडं बघायला लागले. उजवा हात होता. त्या हातानं त्यांनी छाटण्या केल्या होत्या, कलमं बांधली होती, मला पाटी धरून अक्षर गिरवायला लावलं होतं, स्वतःला ते येत नसताना. तो हात गेला तर आप्पा नुसतं जगून काय करतील, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

डॉक्टरांनी दोन्ही वाटा दाबल्या. मूठ उघडायला सांगितली. तळवा पांढरा पडला नाही. सोडल्यावर लालही झाला नाही. हंगामभर द्राक्षांबरोबर तेलाच्या आणि कार्बोनेटच्या पाण्यात बुडालेला, घट्ट्यांनी भरलेला तो हात, त्याला रंग बदलणं माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा करून बघितलं. दिवा जवळ घेतला.

"हाताला काय लावलंय?"

"काय न्हाई, साहेब. हातच तसा हाय."

आईनं लगबगीनं पदराचं टोक ओलं करून तळवा घासायला घेतला. "आगं, सोलतीस का काय!" आप्पा ओरडले. डॉक्टर हसले, पण हात सोडून उभे राहिले. "मला दिसत नाहीये. दिसल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. पायातून करू." आप्पांनी माझ्याकडं बघितलं. तू तर म्हणाली होतीस, असं.

मग डॉक्टरांनाच सुचलं. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा असतो, तो त्यांनी आप्पांच्या अंगठ्याला लावायला सांगितला. अंगठ्याकडची धमनी दाबली. यंत्रावर उड्या मारणारी रेघ आडवी झाली. जमिनीवर पडलेल्या दोरीसारखी आडवी. मी ज्या दोरीच्या आधारावर उभी होते तीच जणू. मग तिच्यात एक बारीक लाट आली, तिच्यामागून दुसरी, जरा मोठी. डॉक्टरांनी दाब तसाच ठेवला आणि लाटा येत राहिल्या.

"धाकटा पाट चालू हाय, आप्पा," मी म्हणाले.

कॅथ लॅबमध्ये यंत्रांसाठी गारवा ठेवावा लागतो. आप्पांचा हात घोंगडीत गुंडाळून मी उबेत ठेवला होता. आईनं बरोबर आणलेली माणची घोंगडी, तिला लोकरीचा उग्र वास. ती आत न्यायला एका सिस्टरनं नाक मुरडलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, "जिथवर चालेल तिथवर असू दे." सुई लागायच्या आधी ती काढली आणि हात धुऊन पुसून घेतला. माझं काम यंत्राचं, पण त्या दिवशी डॉक्टरांनी मला अजून एक दिलं, "बोलत राहा त्यांच्याशी. घाबरायला वेळ देऊ नकोस."

काय बोलणार? शेडचंच बोलले.

"ह्या टायमाला माल हिरवा ऱ्हाईल का पिवळा, आप्पा?"

"हिरवा. धुरी मापात दिलीया." मग एकदम, "आगं, हात भाजतोय."

"औषध हाय. धमनी सैल पडावी म्हणून सोडलंय नळीतनं. आताच जाईल. खालच्या जाळीचा वाळला का?"

"खालचा कवा वाळतोय? वरचा आधी. तुला म्हाईत न्हाई व्हय? इतकी शिकलीस."

"शिकले म्हणून विसरले."

त्यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं आणि त्याच वेळी पडद्यावर, नळीतून सोडलेल्या रंगानं, त्यांच्या हृदयावरून रक्तवाहिनीची काळी फांदी फुटत गेली, तिला फांद्या, त्यांना काड्या. एका ठिकाणी फांदी बारीक झाली होती. आप्पांच्या छाटणीच्या नजरेला ती लगेच दिसली असती, पण त्यांना मी मान फिरवू दिली नाही. गोळ्यांवर भागेल, डॉक्टर म्हणाले. जड माल मात्र उचलायचा नाही.

नळी काढली. छिद्रावर कापसाच्या घडीची वळकटी ठेवून डॉक्टरांनी चिकटपट्टीनं दाबून बसवली, मग पुढं बोट ठेवून नाडी चाचपली. लागेना. पट्टी जराशी सैल केली. पुन्हा चाचपली. आता बोटाखाली ठोका आला. कापसावर एक लाल ठिपका उमटला होता. "एवढं चालेल," ते म्हणाले. "रक्त थांबलं पाहिजे आणि खालून वाहतही राहिलं पाहिजे."

ते बघताना मला बाग आठवली. मी फ्रॉकमध्ये होते, आप्पा तारेला काड्या बांधत होते. मीही बांधल्या, चांगल्या आवळून, दिसायला कशा नीट दिसाव्यात म्हणून. आप्पांनी माझी एकेक गाठ सोडली. "काडी अजून जाड व्हायची हाय. तिला जागा ठेव." मग सुतळीचा आठ करून दाखवला, एक वेढा तारेला, एक काडीला, मध्ये बोट जाईल एवढी फट. त्यातली माझी एक गाठ त्यांच्या नजरेतून सुटली असावी. पुढं त्या काडीत सुतळी रुतली आणि गाठीच्या पुढची पानं पिवळी पडत गेली. आप्पांनी मला ती नेऊन दाखवली. रागावले नाहीत.

"ह्या पट्टीला हात लावायचा न्हाई," मी आप्पांना वॉर्डातल्या खाटेवर बसवून सांगितलं आणि परत लॅबमध्ये गेले. पुढचा माणूस टेबलावर होता.

तेवढ्यात साताऱ्याहून तात्या आले. तात्या म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्यातच स्थायिक झालेले. मिशी झुपकेदार, कणा ताठ, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. पुढचं मला दोघांनीही नंतर सांगितलं, दोघांनीही सारखंच. कापसावरचा लाल ठिपका जरा पसरला होता. आप्पा म्हणाले, "रगात येतंय बघ रं गड्या. जरा आवळ." तात्यांनी खिशातला मोठा रुमाल काढला. साप चावल्यावर बांधायला फौजेत शिकवलं होतं तसा बांधला, गाठीत पेन घातलं आणि पीळ दिला. ठिपका पसरायचा थांबला. मग दोघं भाऊ पेढा खात बसले.

मी आले तेव्हा तात्या खूश होते. "बघ शालन, थेंब न्हाई आता."

आप्पांचा तळवा नेहमीसारखाच काळसर होता. तो आधीही काही बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. पण नखं निळी होती. मी बोटं हातात घेतली तर मार्चच्या त्या उकाड्यात ती माठासारखी गार.

"तात्या, सोडा ते."

"आगं, पर रगात..."

"सोडा म्हणते ना!"

वडीलधाऱ्या माणसावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. बाजूच्या खाटेवरचे लोक उठून बसले. तात्यांची बोटं गाठीत अडकली, त्यांना ती सुटेना, इतकी पक्की बांधली होती. कात्रीनं रुमाल कापला. आप्पा म्हणाले, "मीच सांगितलं त्येला. त्येला बोलू नगं."

नखं हळूहळू गुलाबी झाली. बोटं कोमट झाली. पण अंगठ्याच्या बाजूला मी बोटं ठेवून बसले आणि तिथं काही येईना. डॉक्टर आले. त्यांनी बोटं ठेवली, डोळे मिटले. रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र आणलं. करंगळीच्या बाजूला ते फुसफुसलं, अंगठ्याच्या बाजूला नुसती खरखर. रक्त पातळ ठेवायचं औषध चालू केलं. आम्ही वाट बघितली. डॉक्टरांनी ती दुसऱ्या दिवशीही बघितली. मग म्हणाले, "हात वाचला. रस्ता गेला."

धाकटा पाट चालू आहे की नाही, हे न बघताच आम्ही पुढं गेलो असतो तर? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या खांद्यावर आहे, ॲप्रनच्याच जागी.

आप्पा हात मांडीवर ठेवून बराच वेळ त्याच्याकडं बघत होते. "येलीचं कळतंय मला," ते म्हणाले. "हाताचं न्हाई कळलं गं." तात्या बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभे होते, परेडला उभं राहावं तसे. पेढ्यांचा पुडा हातातच. "मी मारला असता हात दादाचा," एवढंच बोलले. मी त्यांना आत चला म्हणाले. आले नाहीत.

बाकी राहिलेला हंगाम असा गेला की दिवसा हॉस्पिटल, सुटल्यावर शेड, तिथून परत सांगली. एका संध्याकाळी ढग आलेच. आप्पा खुर्चीवर बसून ओरडत होते, "पडदं सोडा! खालचा कोपरा बांधा!" आणि तात्या, साताऱ्याला परत न जाता राहिलेले तात्या, प्लॅस्टिकच्या पडद्यांच्या दोऱ्या ओढत धावत होते. कोपऱ्याची दोरी खांबाला बांधताना ते थांबले आणि मागं वळून विचारलं, "दादा, किती आवळू?" कुणीच हसलं नाही. पाऊस आला नाही. ढग नुसते सावली टाकून गेले, आणि आम्ही सगळे घामानं निथळत तिथंच मातीत बसलो. इतकी दमलेली माणसं मी त्याआधी एकत्र पाहिली नव्हती.

त्यानंतर आमच्या लॅबमध्ये एक गोष्ट बदलली. मनगटाला पट्टी बांधली की पेशंटला जे सांगायचं ते आधी त्याच्या माणसांना सांगायचं. गावाकडचं कोण आलंय, कोण यायचंय, विचारायचं. त्यांचं बोट धरून पट्टीच्या पुढं ठेवायचं आणि म्हणायचं, हा ठोका लागतोय ना, हा लागत राहिला पाहिजे, रक्त दिसलं तर आवळायचं नाही, हाक मारायची. आता हवा भरायचा प्लॅस्टिकचा पट्टा आलाय, हवा कमी-जास्त करता येते. नवीन पोरं तो सफाईनं बांधतात. तरी मी मागं उभी राहून म्हणतेच, दाबा, पण बंद करू नका. मॅडमचं पालुपद म्हणून ती हसतात. हसू देत. आमच्याकडं रक्त दिसलं की आवळायला धावतात ती परकी माणसं नसतात, हे त्यांना अजून कळायचंय.

आप्पांनी त्यानंतरही छाटण्या केल्या. थंडीत सकाळी त्या हाताची बोटं बधिर व्हायची, मग ते चुलीपुढं बसून ती उघड-मीट करायचे. तक्रार केली नाही. तक्रार तात्यांचीच होती, स्वतःविरुद्ध. दर वर्षी बेदाणा जाळीवर पडला की ते साताऱ्याहून यायचे, आणि मी आप्पांचं मनगट धरलं की विचारायचे, "लागतंय का गं?" मी खरं सांगायची, न्हाई. ते मान हलवून जाळ्या बघायला निघून जायचे. वर्षं गेली, दोघांच्या मिशा सारख्याच पांढऱ्या झाल्या, प्रश्न तोच आणि उत्तर तेच. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, आप्पांचा उजवा हात तात्यांनी पुन्हा कधी हातात घेतला नव्हता. आधार द्यायचे ते डाव्या बाजूनं.

यंदा मी शेडवर पोहोचले तेव्हा दोघं खुर्च्या टाकून सावलीत बसले होते. दोघांचीही नजर आता मंद झालीय, माल बाकीची माणसं बघतात. मी आप्पांच्या पुढ्यात बसले, मनगट घेतलं. तात्या म्हणाले, "लागतंय का गं?"

मला त्या उत्तराचाच कंटाळा आला होता. मी तात्यांचा हात ओढला. ते मागं घ्यायला लागले.

"आवं, द्या हिकडं."

त्यांची बोटं मी आप्पांच्या मनगटावर ठेवली, अंगठ्याकडं नाही, करंगळीच्या बाजूला. तिथला ठोका खोल असतो, लगेच सापडत नाही. जरा दाबावं लागतं. तात्या दाबायला तयार नव्हते. "दाबा, तात्या. थोडं." त्यांनी दाबलं. मग त्यांचा चेहरा थांबला.

"हाय," ते म्हणाले. "आगं, हाय की."

"हायच. तवापास्नं हाय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी नेहमी त्या बाजूचंच इचारत होता."

तात्या डोळे मिटून बसून राहिले. ओठ हलत होते, ठोके मोजत असावेत. शेडमधून गंधकाची धुरी आमच्यावरून गेली. आप्पांना खोकला आला.

"झालं का न्हाई?" आप्पा म्हणाले. "सोडा आता हात. जाळ्या बघायच्यात."

तात्यांनी सोडला नाही. पण मी बघितलं, धरला होता तो सैल. मध्ये एक बोट सहज गेलं असतं.